एक ॲप, अख्खी बस

मंडळी, आज सकाळी आधी माझा पोपट झाला आणि मग धंदा सुधारला.

मी तळेगावची, एकटीच ॲप बनवते. माझं ॲप कामगारांना शिफ्ट आणि कंपनीच्या बसची वेळ सांगतं. अँड्रॉइडवर फुकट, जाहिरातींवर चालणारं, आयफोनवर विकत. कमाई दोन्हीकडे जेमतेम.

डाउनलोड वाढेनात म्हणून आज जवळच्या नवलाख उंबरे गावात कंपनीच्या बसथांब्यावर गेले. तिथून कंपनीत कामाला जाणाऱ्या सुमनमावशी रोज माझं ॲप बघतात. विचारलं, "मावशी, बाकीच्यांना आवडत नाही का?"

"लय आवडतं की! मी बघते आन् फोटू काढून ग्रुपवर टाकते. समद्यांनी कशाला घ्यायचं?"

म्हणजे अख्खी बस माझं ॲप वापरत होती, एका फोनवरून!

हसावं की रडावं कळेना. मग म्हटलं, "ग्रुपवर वेळ आपोआप येईल असं करते, जाहिरातीही काढते. सगळ्या बसची मिळून वर्गणी द्याल?"

"व्हय की. गणपतीला काढतो, जयंतीला काढतो, तुलाबी काढू!" बस येईपर्यंत मावशींनी सगळ्यांना राजी केलंसुद्धा.

अँड्रॉइड भारी की आयफोन, हा वाद तुम्ही घाला. मी आता फोनला नाही, बसला ॲप विकणार.

तुमचं ॲप लोक कसं वापरतात, हे त्यांच्या शेजारी उभं राहून शेवटचं कधी बघितलंत?