बाबांची गाडी कंपनी सेटिंगवर

त्याचं खरं नाव फक्त आईला आणि वीजबिलाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्याला भुंगा म्हणायचे, कारण त्याच्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी गुणगुणल्याशिवाय पुढे जात नसे. धंदा साधा होता. हल्लीच्या प्रत्येक गाडीत एक चपटा डबा असतो. पाय किती दाबला की इंजिनाने किती जोर सोडायचा, हे तो ठरवतो. गॅरेजवाले त्याला गाडीचं डोकं म्हणतात. कंपनी त्या डोक्यात थोडं शहाणपण घालून गाडी विकते आणि भुंगा ते काढून टाकायचा. स्टिअरिंगखालच्या खाचेत वायर घालायची, दुसरं टोक लॅपटॉपला जोडायचं, की चहाचा कप संपेपर्यंत गरीब गाय शिंगं उगारून बाहेर पडायची.

एक नियम मात्र तो कडक पाळायचा. आधी वाचायचं, मग लिहायचं. गाडीच्या डोक्यात कंपनीने जे घातलंय ते आधी लॅपटॉपमध्ये उतरवून जपून ठेवायचं आणि मगच आपले उद्योग करायचे. कारण गिऱ्हाईक कधी ना कधी मान खाली घालून परत येतंच. कुणाला गाडी विकायची असते, कुणाची सासू आता शेजारच्या सीटवर बसणार असते. मग ती मूळ फाईल परत चढवायची. याला म्हणायचं कंपनी सेटिंग. भुंग्याला हे काम मनापासून नावडायचं. पोहता येणाऱ्या माणसाला परत बुडायला शिकवायचं, असं तो म्हणायचा आणि त्या दिवशी गिऱ्हाइकाला चहासुद्धा विचारायचा नाही.

त्याच्या बाबांनी उभा जन्म शहरातली बस चालवली. स्वतःबद्दल ते चकार शब्द काढत नसत, पण आपल्या उजव्या पायाची तारीफ करताना थकत नसत, जणू तो पाय शेजाऱ्यांचा होता. त्यांच्या बसमध्ये उभी माणसं दांडी न धरता पेपर वाचायची, ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की भिंतींनाही पाठ असावी. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "ज्या दिवशी माझ्या गाडीत कुणाला धक्का बसेल, त्या दिवशी किल्ली खाली ठेवीन." कुणी विचारलं नव्हतं.

मुलाच्या धंद्याबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं.

"म्हणजे कंपनीचे इंजिनिअर आजवर गवत उपटत होते?" ते विचारायचे. "तू त्यांच्यापेक्षा शहाणा निघालास, हे तुझ्या गणिताच्या मास्तरांना कळव. सुखाने डोळे मिटतील बिचारे."

भुंगा हसण्यावारी न्यायचा. पण एका रविवारी आईला, त्याला आणि नव्या शिलाई मशीनला घेऊन दवाखान्याजवळचा चढ चढताना बाबा सहज बोलून गेले, "चढाला जरा रडते हो गाडी." बस, उतावळ्याला तेवढं पुरे झालं. पुढच्या आठवड्यात गाडी ऑइल बदलायला आली, तेव्हा त्याने ऑइलबरोबर डोकंही बदललं. मूळ फाईल जपून ठेवली. बाबांना मात्र पत्ता लागू दिला नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी होकाराऐवजी चप्पल दिली असती. त्याचा बेत असा होता, की एक दिवस बाबाच म्हणतील, गाडी काय पळायला लागली रे, आणि मग हा हळूच सांगेल. बापाने एकदा तरी आपल्या कामाला चांगलं म्हणावं, ही हाव फार चिवट असते. डोक्यावरचे केस गेले तरी ती जात नाही.

बाबा काही म्हणाले नाहीत. पहिल्याच दिवशी फाटकातून निघताना गाडीने अशी उडी घेतली, की आईचा चष्मा नाकावरून मांडीवर आला. दुसऱ्या कुणीही गाडीला शिव्या घातल्या असत्या. बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून त्यांनी आयुष्यभर डेपोतल्या इतरांना हिणवलं होतं. आता कोणत्या तोंडाने अंगणाला नावं ठेवणार? त्यांनी आईला चष्मा नीट बसव म्हणून सांगितलं आणि गाडी परत आत लावली.

त्यानंतर ते गप्प गप्प राहू लागले. भुंगा रविवारी जेवायला जायचा, तेव्हा त्याला ते दिसायचं. पण तो भुंगा होता. त्याला वाटायचं, म्हातारा मनातून खूश आहे, फक्त कबूल करायला लाजतोय.

वर्ष होत आलं आणि एका दुपारी आई गॅरेजात येऊन स्टुलावर बसली.

"अरे, ह्यांचा पाय गेला."

"कुठे?" भुंग्याने इंजिनातून डोकं न काढता विचारलं.

"बाजारात! अरे मेल्या, पायातली जाणीव गेली म्हणतात. गाडी हिसके देते, मग घाबरून ब्रेक जोरात दाबला जातो. रोज संध्याकाळी तेल चोळत बसतात. डॉक्टरने सुया टोचून पाहिलं, म्हणाला पाय ठणठणीत आहे. तर हे म्हणतात, डॉक्टर गाढव आहे." आईने पदराने कपाळ पुसलं. "आणि रोज सकाळी चाकांत हवा भरायला जातो म्हणून तासभर गायब. चार चाकांत हवा मावते तरी किती?"

भुंग्याने आता डोकं बाहेर काढलं होतं.

"पुढच्या आठवड्यात परवान्याची परीक्षा आहे," आई म्हणाली. "सत्तरीनंतर द्यावी लागते ना, तीच. चढावर गाडी थांबवून परत उचलायची. तिथे धक्का बसला तर किल्ली कायमची ठेवणार म्हणतात. मग ह्या माणसाचं मी करू काय? फुलदाणीत घालून खिडकीत ठेवू?"

तिला हसू येत होतं आणि रडूही. भुंग्याला मात्र सगळं लख्ख कळलं. पाय कुठेही गेला नव्हता, पायाखालची गाडी बदलली होती. एक धडधाकट माणूस वर्षभर स्वतःला म्हातारा समजत बसला, आणि ते म्हातारपण याने लॅपटॉपवरून चढवलं होतं. त्याला भयंकर लाज वाटली. लगेच उठावं, घरी जावं आणि सांगून टाकावं, इतकं सोपं होतं. पण जगाला वेग विकणारा हा वीर बापासमोर भिजलेलं मांजर व्हायचा. सांगण्यापेक्षा निस्तरणं बरं, असं त्याने ठरवलं. गुपचूप कंपनी सेटिंग करायचं, पाय आपोआप बरा होईल, आणि झाकली मूठ तशीच राहील.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो घरी गेला. "बाबा, गाडी द्या, धुऊन आणतो. परीक्षेला स्वच्छ हवी." बाबांनी संशयाने पाहिलं, कारण या मुलाने आजवर स्वतःचा पेलासुद्धा विसळला नव्हता. तरी किल्ली दिली.

गॅरेजचं शटर अर्धं ओढून त्याने बॅटरीला चार्जर लावला. लिहिताना मध्येच वीज कमी पडली तर डोकं अर्धवट राहतं आणि गाडीची वीट होते, मग ती ढकलतच न्यावी लागते. खाचेत वायर घातली, वर्षापूर्वीची मूळ फाईल काढली. लॅपटॉपने विचारलं, खात्री आहे का? भुंग्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नावर क्षणभर विचार केला आणि हो म्हटलं. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. जुन्या चुकांच्या नोंदी त्याने पुसल्या, किल्ली बंद करून थोडं थांबला, परत सुरू केली आणि इंजिनाला काही वेळ नुसतं धुगधुगू दिलं. मग एक फेरी मारून आला. गाडी होती तशी झाली होती, गरीब आणि चढाला रडकी. हे नावडतं काम त्याने इतक्या जिव्हाळ्याने कधीच केलं नव्हतं. शेवटी त्याने गाडी खरोखर धुतलीसुद्धा.

परीक्षेचं मैदान कचेरीच्या मागे होतं. पाय ताजा राहावा म्हणून बाबांनी तिथवर गाडी भुंग्यालाच चालवायला लावली होती. मध्ये सिमेंटचा एक चढ बांधलेला. परीक्षा घेणाऱ्या बाई फळीला कागद लावून बाबांच्या शेजारी बसल्या, आई आणि भुंगा कुंपणाशी उभे राहिले. बाबांनी स्वच्छ सदरा घातला होता. चढाच्या मध्यावर त्यांनी गाडी सुरेख थांबवली, क्लच सोडला, आणि गाडी बंद पडली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा त्यांनी घाबरून पाय दाबला, तशी गाडी किंचाळत पुढे झेपावली, त्यांनी ब्रेक मारला आणि बाईंचं पेन काचेवर जाऊन आपटलं.

"असं कसं रे?" आई कुजबुजली. "परवापर्यंत तर लोण्यासारखी चालवत होते."

"परवा?"

"अरे, हवा भरायला कसले जातात! बाजारामागच्या मैदानात जाऊन रोज पाय घोटत होते. नुसता अंगठा टेकवायचा, असं काहीतरी जमवलं त्यांनी. परवा मला घेऊन गेले, हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला दिला. थेंब सांडला नाही बघ! परीक्षा होईपर्यंत बोलू नकोस म्हणाले, पोराला चकित करायचंय."

भुंगा कुंपण धरून उभा राहिला. बापाने तक्रार न करता, कुणाला न सांगता, सत्तरीत त्या उधळ्या गाडीची चाल पायाला शिकवली होती. आणि ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी यानेच ती गाडी काढून घेतली. गाडीच्या डोक्याची मूळ फाईल होती त्याच्याकडे. पायाची कुठून आणणार?

तिकडे बाबा गाडीतून उतरले होते. त्यांनी किल्ली काढून गाडीच्या टपावर ठेवली.

"बाई, लिहा काय लिहायचं ते," ते म्हणाले. "पाय गेलाय माझा."

त्यांचा आवाज फार लहान झाला होता. तो ऐकला आणि भुंगा धावत सुटला.

"पाय नाही गेला, बाबा! मी केलंय. गेल्या वर्षी मी गाडीचं डोकं बदललं, तुम्हाला न सांगता. आणि काल परत कंपनीचं घातलं, तेही न सांगता."

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मुलगा."

"मग परीक्षा नेमकी कुणाची घ्यायची, ते घरून ठरवून यायचं ना!"

बाबांनी हात वर करून बाईंना थांबवलं. ते मुलाकडे एकटक बघत होते.

"म्हणजे आईचा चष्मा पडला, तो?"

"मी पाडला."

"आणि मी वर्षभर तेल चोळलं?"

"माझ्यामुळे."

"डॉक्टरला गाढव म्हणालो."

"ते मीच, बाबा."

बाबा गाडीला टेकले. त्यांनी उजवा पाय उचलला, घोट्यात फिरवला, खाली ठेवला, परत उचलला. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. "घाबरलो होतो रे मी," ते म्हणाले. "फार घाबरलो होतो."

बाई इतक्या वेळात पेन शोधून मोकळ्या झाल्या होत्या. "आजोबा, मैदानाला चार फेऱ्या मारा, गाडीशी नव्याने ओळख करून घ्या आणि मग बोलवा मला," त्या म्हणाल्या आणि सावलीत जाऊन बसल्या.

पहिल्या फेरीत गाडी दोनदा अडखळली. दुसरीत एकदा. मग बाबांचा पाय जुन्या जागी बसला. बाईंना घेऊन त्यांनी चढावर गाडी थांबवली आणि उचलली, तेव्हा बाई खाली बघून लिहितच होत्या. गाडी निघाल्याचं त्यांना वरती पोचल्यावर कळलं. परवाना आणखी तीन वर्षांसाठी मिळाला.

घरी निघताना बाबांनी आरशातून मागे बघितलं.

"वर्षभर मी स्वतःला शिव्या घातल्या," ते शांतपणे म्हणाले. "त्या सगळ्या तुझ्या होत्या. आता घेऊन जा."

आणि त्यांनी सुरुवात केली. उभ्या जन्मात डेपोत गोळा केलेला तो ऐवज होता. एक शिवी दुसरीसारखी नव्हती आणि गिअर मात्र असे पडत होते, की आवाजात खंडसुद्धा पडू नये. मध्येच आई म्हणाली, "अहो, त्याच्या बापाचा उद्धार करताय, तो बाप तुम्हीच." बाबा म्हणाले, "ठाऊक आहे, त्यालाही सोडणार नाही मी." मागच्या सीटवर भुंगा हात बांधून ऐकत होता. इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

घर आलं. त्याने दाराच्या मुठीला हात लावला, पण गाडी थांबलीच नाही, संथपणे फाटकावरून पुढे निघाली.

"बस खाली," बाबा म्हणाले. "आत्ता कुठे उन्हाळ्यातल्या शिव्या संपल्यात. पावसाळा आणि हिवाळा अख्खे बाकी आहेत."