लिमिटच्या पुढची पानं

दुपारचं ऊन पायरीवरून उतरतंय आणि ओसरीतल्या खाटेवर दर्शनाचा डोळा लागतोय. पोटावर अकरावीच्या गणिताचं पुस्तक. ते हितेशदादाचं. दादा तीन वर्षांपूर्वी अकरावीत असतानाच काविळीनं गेला. उद्या तिचं कॉलेज सुरू होतंय, आणि गणित सोडायचं तर अर्जही उद्याच द्यायचाय. मराठी माध्यमाच्या पोरींना ते झेपत नाही, असं शिरपुरात भेटेल तो तिला सांगतो.

"सरक जरा."

दादा खाटेच्या कडेवर टेकलाय. कॉलेजचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तो गेलाय हे तिला माहीत आहे, तरी ती सरकून जागा करते.

"खरंच इतकं अवघड असतं, दादा?"

"पहिला महिना इंग्रजी शब्दांशीच मारामारी. मग एक दिवस कोन नव्वदच्या पुढे जातो."

"काटकोन त्रिकोणात? कसा जाईल?"

खाट वर उचलली जाते. दोघं जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसलेत, खाली रेवड्यांची दुकानं लहान लहान होत जातात.

"त्रिकोण संपला, आता वर्तुळ," दादा म्हणतो. "पाळण्याच्या आसापासून आपण किती वर, तो साईन. नव्वदला माथ्यावर. पुढे?"

"पुढे उतरायचं." ती बोटावर मोजते. "एकशेवीसला साठाइतकीच उंची! आणि आसाच्या खाली गेलो की उणे."

"मी कुठे सांगितलं? तूच काढलंस."

पाळणा थांबतो तो वर्गात. बाकांवर कुणी नाही. फळ्यावर गणितं उतरंडीसारखी रचलेली.

"पहिल्या चाचणीत रडू येईल," दादा म्हणतो. "मला वीसपैकी तीन होते."

"मग?"

"तीच गणितं पुन्हा. पुन्हा. दुसऱ्या चाचणीला अकरा. मग लिमिटचा धडा आला."

"आणि लिमिटच्या पुढे?"

 दादा पुस्तक तिच्यापुढे सरकवतो. पुढची दोन पानं कडेला जोडलेलीच आहेत, छापखान्यात कापायची राहिलेली.

"पुढचं मला माहीत नाही, दर्शू. मी तिथवरच पोचलो."

 ती पुस्तक मांडीवर ओढते.

"भीती वाटतेय मला. पण गणित सोडणार नाही. चार पडले तर चार."

"मग पुढे काय असतं ते तू मला सांग."

ती पानांच्या कडेत अंगठ्याचं नख घालते.

"दर्शू, उठ, चहा झालाय!" आतून आईची हाक येते.

ती उठून बसते. खाटेची कड रिकामी आहे. पुस्तक मांडीवर उघडं पडलंय, लिमिटच्या पुढची पानं वेगळी झालेली, कडा ताज्या फाटलेल्या. आणि तिच्या अंगठ्याच्या नखात कागदाचा एक पांढरा धागा अडकलाय.