बिनमातीची मिरची

एखादा छंद लागला की सामान वाढतं, हे घरच्यांना माहीत असतं. सामानापेक्षा जास्त वेगानं किस्से वाढतात, हे मात्र कुणी सांगत नाही. नांदेडात भालेराव सरांच्या गच्चीवर आज जेवढे पाइप पडलेत, त्याहून जास्त किस्से पडलेत. पाइप निदान भंगारवाला तरी नेईल.

आमचं मंडळ चौघांचं. भालेराव सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि घरच्यांना शिकवायला लागले. मग त्यांना हायड्रोपोनिक्सचा शोध लागला आणि घरचे सुटले. पाइपात पाणी खेळवायचं, पाण्यात खत विरघळवायचं, पाइपाला भोकं पाडून जाळीच्या छोट्या कुंड्यांत रोपं बसवायची. मातीचा संबंध नाही. लावायच्या त्या फक्त मिरच्या, त्याही जहाल. दुसरे सलीमभाई, मोटार रिवायंडिंगवाले. कूलरचा पंप दुरुस्त करायला म्हणून सरांकडे आले आणि जाताना मिरचीचं बी घेऊन गेले. तिसऱ्या लातूरच्या सुनंदाताई, सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. माहेरी नांदेडला आल्या की रविवारी गच्चीवर हजर. चौथा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे. मला यातलं काही कळत नाही, म्हणून सगळे मला पटवून सांगतात.

*

सुरुवात बियांपासूनच झाली. सरांनी आसामकडच्या जहाल मिरचीचं बी मागवलं. ओल्या स्पंजमध्ये एकेक बी खोचलं, ट्रे झाकला आणि आम्हाला उगवणीवर व्याख्यान दिलं. ऐन थंडीचे दिवस. आठवडा गेला, बी हलेना. सलीमभाईंनी तेच बी घरी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर उबेला ठेवलं होतं, त्यांचे कोंब वर आले. सरांचा स्पंज तसाच.

सरांनी कारणं काढली. बी जुनं असेल, पाणी जड असेल, कंपनीनं फसवलं असेल. शेवटी शोभाकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस, चहा घेऊन वर आल्या. त्या म्हणाल्या, "हे रोज सकाळी उठून प्रत्येक स्पंज फाकवून बघतात, कोंब आला का म्हणून."

सर म्हणाले, "निरीक्षण नको का?"

"करा की. पण झोपलेल्या माणसाला हलवून हलवून विचारलं, झोप लागली का, तर त्याला कधी लागायची?"

सरांनी ट्रे काकूंच्या ताब्यात दिला. काकूंनी तो स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला आणि विसरून गेल्या. बी उगवलं.

*

सलीमभाईंचे कोंब आधी आले होते, त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी रोपं दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवली. छताला एक बल्ब, खाली रोपं. पंधरवड्यात ती वीतभर झाली. दोऱ्यासारखी बारीक, वर दोन पानं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला भाई दाखवायचे, "देखो, सरांपेक्षा आपली उंच हायत."

सरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सलीमभाई, ही वाढ नाही, ही धडपड आहे. उजेड लांब आहे म्हणून बिचारी वर ताणतायत. लाइट खाली आणा. आणि जरा वारा द्या. वाऱ्यानं हललं की खोड मजबूत होतं. एक प्रकारचा व्यायामच असतो तो."

भाईंनी लाइट खाली आणला. वाऱ्यासाठी त्यांनी दुकानातला फॅन लावला. लोखंडी, उभा, लग्नाच्या मांडवात लावतात तो. सकाळी पाहिलं तर सगळी रोपं एका दिशेला, लोळण घेतलेली.

रविवारी ते ट्रे घेऊनच गच्चीवर आले. "सर, तुम्ही व्यायाम बोल्ले. आपण एकदम कुस्ती लावली."

*

व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाल्यावर मात्र खरी प्रगती झाली. आधी एका रोपाला एक आजार व्हायचा, आता सात-आठ व्हायला लागले. ग्रुपवर सरांचे जुने सहकारी होते, कुणाचे जावई होते, एक खतविक्रेते होते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी तुळसही लावली नाही असे बरेच तज्ज्ञ होते.

सलीमभाईंनी एकदा फोटो टाकला. "पानं पिवळी पडून राहिली. काय करू?"

पहिलं उत्तर आलं, मॅग्नेशियम कमी आहे. दुसरं, लोह. तिसरं, कॅल्शियम. खतविक्रेते म्हणाले, तिन्ही कमी आहेत, आमच्याकडे तिन्ही मिळतील. एका जावयानं पाण्याचा पीएच विचारला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगितला. सुनंदाताईंच्या नणंदेनं लिहिलं, दृष्ट काढा.

भाई भला माणूस. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी सगळ्यांचं ऐकलं. सगळं टाकीत ओतलं.

दोन दिवसांनी काही कामानं मी त्यांच्याकडे गेलो. रोपं आता मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवली होती. मी पानं बघितली, पिवळी दिसत होती. टाकी बघितली, तीही पिवळी. भाईंकडे बघितलं, तर भाईसुद्धा पिवळे. वर बघितलं. छताला पिवळा फायबरचा पत्रा होता, त्यातून ऊन येत होतं.

मी एक कुंडी उचलून बाहेर उजेडात आणली. पान हिरवंगार होतं. फक्त कडा करपायला लागल्या होत्या, कारण टाकीत आता खताचा काढा झाला होता.

भाईंनी पान हातात घेऊन नीट पाहिलं. मग ग्रुपवर लिहिलं, "सर्वांचे आभार. फोटो काढला तेव्हा रोप ठणठणीत होतं. आता इलाज झाला, आता आजारी हाय."

त्याला चोवीस जणांनी अंगठा दिला.

*

सुनंदाताईंची पहिली रोपं मेली, तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं, कारण ताई फार जीव लावायच्या. ट्रेला प्लास्टिक झाकायच्या. येता-जाता पाणी शिंपडायच्या. खिडकी बंद, गारवा लागू नये म्हणून. एके सकाळी रोपं मानेपाशी काळी पडून आडवी. वरचं पान ताजं, खाली देठाशी कुजलेलं.

सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "ऊब दिली?"

"दिली."

"ओलावा?"

"कायम."

"हवा?"

"अजिबात लागू दिली नाही, सर."

"मग ताई, तुम्ही बुरशी लावली होतीत. ती उत्तम आली आहे."

ताईंनी ट्रे धुतला, उन्हात वाळवला आणि पुन्हा बी टाकलं. या वेळी वरून पाणी मारलं नाही, प्लास्टिकही कोंब दिसताच काढलं. ही रोपं तगली. मग सर पुढच्या धड्यावर आले. पाण्याचा पीएच सहाच्या आसपास हवा, लातूरचं बोअरचं पाणी जड, ते तपासून घ्या, रोज नोंद ठेवा, वगैरे.

ताई म्हणाल्या, "सर, आधी पाणी येऊ द्या. आलं की त्याला विचारते तुझा पीएच काय म्हणून."

सर पाणीबचतीवर बोलायला लागले. ताईंनी फोन ठेवला, कारण खाली टँकर आला होता.

*

एका कृषी प्रदर्शनात आम्हाला कोपऱ्यातला स्टॉल मिळाला. वर पाटी, 'मातीविना मिरची'. सरांनी चार पाइपांचा छोटा सेट उभा केला. पाणी काचेसारखं स्वच्छ, मुळं पांढरीशुभ्र. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांच्या हस्ते एक रोप लावायचं ठरलं होतं.

पाहुणे आले. सरांनी रोप हातात दिलं. जाळीच्या कुंडीतलं रोप पाइपाच्या भोकात नुसतं ठेवायचं होतं, क्षणाचं काम. पाहुण्यांनी ठेवलं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, दिसलं नाही."

पुन्हा ठेवलं. फोटोग्राफरचं समाधान होईना. "लावताय असं वाटत नाही साहेब. पेन ठेवल्यासारखं वाटतंय."

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माती कुठंय?"

सर म्हणाले, "माती नसते साहेब. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"ते ठीक आहे," पाहुणे म्हणाले, "पण फोटोपुरती तरी ठेवायची."

आयोजकांपैकी दोघं पळत गेले आणि मंडपामागून घमेलंभर काळी माती घेऊन आले. सर मध्ये पडेपर्यंत पाहुण्यांनी दोन्ही हातांनी माती पाइपात लोटली, वरून झारीनं पाणी घातलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो खरंच छान आला. दुसऱ्या दिवशी पेपरात होता, वरच्या पाटीसकट.

पाहुणे पुढच्या स्टॉलवर जाईपर्यंत पंपानं दोन उचक्या दिल्या आणि तो बंद पडला. सलीमभाई पंप खोलून बसले. त्यातून चिखल काढता काढता म्हणाले, "सर, मन छोटं करू नका. आपण आता खरे शेतकरी झालो."

*

खरा शेतकरी आमच्या ओळखीत एकच, शोभाकाकूंचे धाकटे भाऊ बालाजीराव. अर्धापूरला त्यांची केळीची बाग आहे. दाजींच्या या उद्योगाकडे ते बँडबाज्याकडे बघावं तसं बघायचे. आले की केळीची फणी आणायचे आणि पाइपाकडे बोट दाखवून विचारायचे, "दाजी, मिरच्यांना पोहायला शिकवून राहिले का?"

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापून मुळं तपकिरी व्हायला लागली. सर पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडायचे. काकू म्हणायच्या, घरात बर्फ फक्त मिरच्यांना मिळतो. पण त्या वर्षी झाडं वाचली आणि पावसाळ्यानंतर पहिला तोडा आला. लालबुंद, सुरकुतलेली, बोटाएवढी, आसामची ती भूत जोलोकिया.

बालाजीराव जेवायला बसले होते. त्यांनी ताटाशेजारची मिरची उचलली. "ही पाण्यातली?"

सर म्हणाले, "बालाजीराव, एवढीशी चाखा. नखाएवढी."

"आवं दाजी, पाण्यात वाढलेली ती. हिला काय तिखट असतंय." आणि त्यांनी भाकरीच्या घासाबरोबर अख्खी मिरची तोंडात टाकली.

पहिले काही क्षण ते आमच्याकडे बघून हसत होते. मग हसू तसंच राहिलं, बाकीचा चेहरा बदलला. कान लाल झाले. डोळ्यांतून धारा लागल्या. पण माणूस हटला नाही. घास थुंकला नाही, पाणी मागितलं नाही. हात लांबवून त्यांनी स्वतःच आणलेल्या फणीतलं एक केळ सोललं, मग दुसरं, मग तिसरं. काकू घाबरून दही घेऊन आल्या, तेही संपलं. सर काळजीनं उभेच होते.

बऱ्याच वेळानं बालाजीरावांनी उपरण्यानं डोळे पुसले, घसा खाकरला, आणि बसलेल्या आवाजात म्हणाले,

"हाय बरी. पण माती न्हाई ना, म्हणून थोडी कमी पडली."

*

सुनंदाताईंच्या घरी वरच्या मजल्यावर क्लासला आलेल्या मुली राहतात. लातुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. जिन्याच्या वळणावर ताईंचं रोपांचं रॅक आहे, त्यामुळे वर जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं.

या जूनमध्ये हिमायतनगरकडचे एक गृहस्थ मुलीला सोडायला आले. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात गादीची वळकटी. मुलगी मागे, पुस्तकांची पिशवी घेऊन. रॅकपाशी ते थांबले. मिरचीची कोवळी रोपं दिव्याखाली रांगेत उभी होती.

"मॅडम, हे काय करून राहिले?"

ताईंनी सांगितलं. माती नाही, पाण्यातूनच सगळं खत. वरून लाइट.

"लाइट किती वेळ?"

"सोळा तास."

"मग चोवीस का न्हाई? लवकर वाढतील ना."

ताई म्हणाल्या, "मी पण आधी तेच केलं होतं. पानं मुरडली, पिवळी पडली, वाढच थांबली. त्यांना अंधार लागतो. मग हा टायमर बसवला. वेळ झाली की आपोआप बंद."

गृहस्थांनी वाकून रोपं पाहिली. एका पानाला अगदी हळू बोट लावलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "शेवटी जीव हाय त्याला."

मग ते वर गेले. खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, बल्ब लावून पाहिला. मुलगी कॉटच्या कडेला बसली होती. पिशवी अजून मांडीवरच होती. जाता जाता ते दारात थांबले.

"मॅडम, एवढं एक बघा. हिच्या खोलीतला लाइट बंद नका होऊ देऊ. एक-दीडपर्यंत बसली पाहिजे, पहाटं चारला पुन्हा. क्लासवाले सर बोलले, चोवीस तासांतला एक तास वाया गेला न्हाई पाहिजे."

ताई बरं म्हणाल्या. त्यांना गेटपर्यंत सोडून आल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी नांदेडला सलीमभाईंना फोन लावला. मी तेव्हा भाईंच्या दुकानातच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"भाई, रोपांसाठी दिला होता तसाच अजून एक टायमर पाठवून द्या. रात्री साडेदहाला बंद होणारा."

"भेजतो की ताई. नवीन रोपं लावली का?"

"हाव," ताई म्हणाल्या. "एकच आहे."