बीटाचा डाग

माझ्या दादाला लॉन्ड्रीत सगळे डागदर म्हणायचे. डागांचा डागदर. आमच्याकडे हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी ढिगानं यायच्या आणि मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक चादर दादाच्या टेबलावरून जायची. चहा, शाई, गंज, लिपस्टिक, काय असेल ते तो नुसतं बघून सांगायचा. रक्ताच्या चादरी गार पाण्याच्या टाकीत. नव्या बाईनं चुकून तिथं गरम पाणी सोडलं, की एरवी गरीब गाय असलेला हा माणूस तोंड सोडायचा. गरम पाण्यानं रक्त कापडात शिजतं, मग बापजन्मात निघत नाही, म्हणायचा. मी त्याच लॉन्ड्रीत घड्या घालायला होते. तोंड माझंही चालायचं, पण मला कुणी पदवी दिली नाही.

तोच दादा लॉन्ड्रीचा जिना चढताना धापा टाकायला लागला. दवाखान्यात रक्त तपासलं तर फार कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रक्त का कमी होतंय ते शोधायला हवं, पुढच्या तपासण्यांना या, असं बजावलं. गोळ्या आल्या. तपासणीला मात्र आज काम फार आहे, उद्या जाऊ, असं करत दादा टाळत राहिला. तेवढ्यात वहिनीच्या हाती बीट लागलं.

बीटानं रक्त वाढतं, दाब उतरतो, पोट साफ राहतं, दम टिकतो. वहिनीनं हे कुठं रेडिओवर ऐकलं, कुठं शेजारणीकडून. तिला सगळं पाठ होतं. मी म्हटलं, लाल खाऊन रक्त होत असेल तर टोमॅटोनं काय घोडं मारलंय? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या माहेराला नावं ठेवली. सकाळी बीटाचा रस, दुपारच्या डब्यात उकडलेल्या चकत्या, रात्री दह्यात किसून. पोळपाट गुलाबी, गाळणी गुलाबी, वहिनीची बोटं गुलाबी. दादाला लहानपणापासून बीट आवडायचं नाही, मातीची चव लागते म्हणायचा. पण तो बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. नाक दाबून पेला रिकामा करायचा.

बीट सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. दादा संडासातून बाहेर आला, तो म्हणे घामानं डबडबलेला. रक्त पडतंय म्हणाला आणि भिंतीला धरून उभा राहिला. वहिनी हसत सुटली. तिनंही आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बीट खाल्लं होतं आणि सकाळी तिलाही तसंच लाल झालं होतं. ते बीट आहे, रक्त नाही, हे कळल्यावर दादा मटकन खाली बसला आणि तोही हसला. लॉन्ड्रीत त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, की डागदराला डाग ओळखता आला नाही. त्या दिवशी ते खरंच बीट होतं. त्या दिवशी कुणी कुणाला फसवलं नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

हिवाळा आला. गोळ्या, बीट सगळं चालू असूनही दादाच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गंमत म्हणजे आता तोच बीट मागायचा. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळालं नाही तर दम लागत असूनही लांबच्या बाजारापर्यंत चालत जायचा. मी म्हटलं, वहिनी, तुझी सवत आलीय घरात, जरा जपून. वहिनी हसली, पण पूर्वीसारखी नाही. त्याच सुमारास तिनं घरच्या चादरी लॉन्ड्रीत पाठवणं बंद केलं. आम्हा कामगारांना घरच्या चादरी फुकट धुवून मिळतात आणि फुकट ते पौष्टिक हे वहिनीचं पहिल्यापासूनचं धोरण. मला वाटलं, माझ्या घड्या पसंत नसतील. मी मनातल्या मनात फणफणले आणि सोडून दिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली. दादाच्या जेवणखाणाचं माझ्याकडे आलं. त्याचं अंथरूण झाडताना चादरीवर डाग दिसला. वाळलेला, कडेला गंजासारखा. दादाच्या टेबलाशेजारी माझी उमर गेलीय. मी चादर तशीच उचलली आणि त्याच्या पुढ्यात धरली.

"दादा, हे काय?"

"बीट."

"बीट वाळलं तरी गुलाबी राहतं. तूच शिकवलंस."

तो बराच वेळ चादरीकडे बघत राहिला. कामावर बघतो तसा, डोळे बारीक करून. मग म्हणाला, "हिवाळ्यापासून माहीत आहे मला."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तपासणीला का गेला नाहीस, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. तो म्हणाला, "बीट खाल्लं की बीटच असेल असं म्हणता येतं. न खाता लाल दिसलं, तर मग काय म्हणायचं?" आणि वहिनीला यातलं काही सांगू नकोस, असं माझ्याकडून वदवून घेतलं. तिच्या लेखी आम्ही दोघंही बीटाला फसलो असंच राहू दे, म्हणाला.

वहिनी परत आली आणि दम वाढलाय एवढंच तिला सांगून आम्ही त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. आतड्यात सुरू झालेलं यकृतापर्यंत पोचलं होतं. कापण्याची वेळ निघून गेली होती. लाल कधीपासून दिसतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर वहिनीच घाईनं म्हणाली, आम्हाला बीट वाटलं. डॉक्टर रागावले नाहीत. बीट चांगलंच असतं, आवडत असेल तर देत राहा, म्हणाले. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

दादाला घरी आणलं. तो आता उठत नाही. परवा मी चादर धुवायला म्हणून मोरीत गेले, तर वहिनीनं ती आधीच बादलीत भिजवली होती. पिळायला हात घातला आणि पाणी गार लागलं. ही बाई फरशीचं फडकंसुद्धा गरम पाण्यात भिजवते.

"वहिनी, गार पाण्यात का?"

"रक्त आहे ना," ती म्हणाली. डागदराची बायको, तिला कोण शिकवणार.

"कधीपासून भिजवतेस अशी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिवाळ्यापासून. मी विचारलं असतं तर ते घाबरले असते. पहिल्या दिवशी कसे भिंतीला धरून उभे होते, तू पाहिलं नाहीस." मग हात पुसत पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. मला माहीत होतं हे कळलं, तर त्यांना सोसणार नाही."

दोघांच्याही एकेक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि देऊन काय होणार होतं? एकाचं वचन आधीच माझ्या गळ्यात होतं, दुसरं आता पडलं.

आतून दादानं हाक मारली. आज रस नाही का, विचारत होता. दोन दिवसांपासून त्याच्या घशाखाली घोटभर पाणी उतरत नव्हतं. वहिनी म्हणाली, "आणते," आणि किसणी घेऊन बसली.