पेजेनंतरचा आकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच. वहिनी जाऊन चार महिने झाले — आता तिला कळणार नाही, म्हणूनच तर मला धीर आला नसेल?

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर लांज्याचं, शिक्षण सातवीपर्यंत. रत्नागिरीच्या आमच्या घरी ओटीवर बसून ब्लाउज शिवायची. मी शाळेत ग्रंथपाल. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोघींनाही एकाच दिवशी सांगितलं, साखर काठावर आहे, वजन उतरवा. मी पुस्तकं वाचली आणि तिला समजावलं — वजनाच्या काट्यावर फरक उशिरा दिसतो. खाल्लेलं अंगाला मानवलं की नाही, हे रक्तातली साखर दोन तासांत सांगते. दोघींनी साखर तपासायची एकेक मशीन घेतली.

समजावलं मी, केलं तिने. एका वेळी एकच पदार्थ बदलायची. चार दिवस नाचणीची भाकरी, मग चार दिवस तांदळाची, भाजी तीच. दोन तासांनी बोट टोचून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायची. शिवणाच्या टेपने कंबर मोजायची, तीही श्वास सोडून. म्हणायची, "गिऱ्हाइकाचं माप चुकलं तर ब्लाउज उसवता येतो. माझं मीच चुकवून काय करू?" आणि मशीनबद्दल, "सासूपेक्षा बरी गो ही. आकडा सांगते, टोमणा नाय मारत." स्वतःकडे इतक्या निखळ कुतूहलाने बघणारं माणूस मला पुस्तकांतही क्वचितच भेटलं. वर्षभरात ती नऊ किलोंनी उतरली.

आणि मी?

मधेच उकड्या तांदळाच्या पेजेची पाळी आली होती. पेज ही आमची रोजची न्याहारी. एकाच टोपातली, वाटीने मोजून दोघींनी सारखीच प्यायलो. दोन तासांनी ती घरी तपासणार होती, मी ग्रंथालयात. संध्याकाळी आले तेव्हा तिच्या नावापुढे एकशे ऐंशी लिहिलेलं होतं आणि ती माझ्या आकड्याची वाट बघत होती. शिकवणारी मी — आणि माझं वजन तोवर अर्धा किलोही हललेलं नव्हतं. मी पेन उचललं आणि एकशे अठरा लिहिलं.

खोटं.

का? लाज वाटली. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

एकाच पेजेचे इतके वेगळे आकडे तिला पटेनात. आपली मशीन बिघडली असेल म्हणून ती लॅबमध्ये रक्त देऊन आली. मशीन बरोबर निघाली. मग आणखी चार दिवस पेज पिऊन बघितली. मीही आणखी चार खोटे आकडे लिहिले. शेवटी म्हणाली, "तुला मानवते गो सुलू. माझंच अंग वायट." आधी मशीनवर शंका, मग स्वतःच्या अंगावर. माझ्यावर नाही.

तिने पेज सोडली. त्याने तिचं भलंच झालं, पण ते मी माझ्या बाजूने कसं मांडू? पुढची पाच वर्षं ती रोज सकाळी माझ्यासाठी पेज शिजवायची, सोबत लोणच्याची फोड ठेवायची आणि स्वतः मुगाचं घावन खात समोर बसायची. शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्या सुलूचं अंग गुणाचं हो." आईच्या हातच्या पेजेची आठवण तिने एकदाच काढली — आणि माझी वाटी पुन्हा भरली. मी ती प्यायले.

वहिनी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. साखरेचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही इथे लिहायला हवं.

पेजेच्या त्या पहिल्या दिवशी ग्रंथालयात मशीनने मला एकशे चौऱ्याण्णव दाखवले होते. तिच्याहून चौदा जास्त.