मालकिणीला न विचारता आलेली गाडी

पस्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर तरी एका जागी बसावं की नाही? पण मास्तरांच्या पायाला भिंगरी. रुग्णांना डायलिसिसला नेणाऱ्या संस्थेची एकुलती एक गाडी मोडीत निघाली, तेव्हा हेच पुढे झाले. "लोकांच्या दारात गाड्या धूळ खात पडल्यात. त्या दान मागू." विश्वस्तांनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात गाडी मिळाली नाही, तर पाचही रुग्णांनी आपापलं बघायचं. त्या पाचांत मास्तरांचा धाकटा भाऊ होता. मग झोप कुठली लागणार!

मास्तर दारोदार फिरले. लोक चहा पाजत, तोंडभर कौतुक करत आणि गाडीचा विषय निघाला की नन्नाचा पाढा. एका महाभागानं चाकं नसलेला सांगाडा देऊ केला, वर फोटो काढायला माणूसही बोलावला. मुदतीला तीन दिवस उरले असताना एका दुकानदाराचा फोन आला, "घरची जुनी गाडी आहे, घेऊन जा."

मास्तरांनी क्लच पाहिला, ब्रेक पाहिला, आरसे, दिवे, हॉर्न सगळं पाहिलं. कागद मात्र घडी न उलगडता खिशात टाकले. जन्मभर चालवणाऱ्याची परीक्षा घेतली, गाडी कुणाची हे विचारायची वेळच कधी आली नव्हती. संस्थेतल्या कारकुनानं घडी उलगडली, तर नाव दुकानदाराच्या आईचं आणि सहीची जागा कोरी.

"आईला सांगितलंय, सर्व्हिसिंगला दिलीय," दुकानदार फोनवर म्हणाला. "मी सांगेन तिथं सही करते ती. उद्या घेतो."

मास्तर येरझाऱ्या घालू लागले. तोंड मिटून बसलं की काम फत्ते. भावाचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. स्वतःचाच इतका राग आला, की शेवटी त्यांनी तीच गाडी काढली आणि त्या आईचं घर गाठलं.

बाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"कपडे शिवून शिवून घेतलेली गाडी आहे ही. पन्नाशीत चालवायला शिकले मी. लेकानं हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं, आणि तुम्ही ते उचललंत?"

"चुकलं. आता विचारतो, द्याल?"

"नाही."

मास्तरांनी चावी टेबलावर ठेवली. तिथूनच भावाला फोन लावला. "सोमवारचं नाही जमलं रे. बसनं जाऊ, मी धरून नेईन." "बरं," एवढंच म्हणून भावानं फोन ठेवला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती वाजता असतं त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"सातला. पाच जण, दोन फेऱ्या."

"गाडी माझ्याच नावावर राहील. आणि चालवणार मी. परवाना चालू आहे, डोळे तपासलेत, फक्त लेक चालवू देत नाही."

सोमवारी बाई स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, भाऊ आणि आणखी दोघं मागे. चौकात बाईंनी झोकात वळण घेतलं आणि मास्तरांचा पाय रिकाम्या जागी ब्रेक शोधू लागला.

"पाय आवरा, मास्तर. मी पास झालेली आहे."

मागच्या सीटवर भाऊ महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसला.