बिनआवाजाची होडी

खाकी उतरवली, पण ती होडी अजून डोक्यातून उतरलेली नाही.

चाकण पट्ट्यात इंद्रायणीला लागून एक कंपनी. तिथून तांब्याच्या तारेची बंडलं गायब होत होती आणि गेटच्या कॅमेऱ्यात मांजरसुद्धा दिसत नव्हतं. संशय सरळ वॉचमनवर. परभणीकडचा माणूस, रहाटणीत भाड्याने राहायचा. कंपनीने फिर्याद दिली, आम्ही अटक केली. कोठडीत एकच घोकायचा, "साहेब, म्या न्हाई." त्याची बायको ठाण्याच्या बाकावर अशी बसायची की मला चहा गिळवेना. मी चहा सोडला म्हणजे अख्खं ठाणं हादरलं म्हणून समजा! रिमांड संपला की त्याची रवानगी तुरुंगात होणार होती.

तेवढ्यात नदीकाठच्या एका म्हाताऱ्याने खबर दिली. "साहेब, होडी जाती, पण वल्हं न्हाई, इंजनाचा आवाज न्हाई. भुताटकी हाय."

असली भुतं मी नोकरीत पोत्याने पकडली होती. पलीकडच्या काठाला गवतात रबरी होडी सापडली, मागे बॅटरीवर चालणारी मोटर. शेजारीच एका भंगारवाल्या शेठचं गोदाम. त्याला ठाण्यात आणला.

"होडी? साहेब, मला पाण्याची भीती. अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने उरकतो."

सकाळभर विचारपूस केली. गडी भिंतीसारखा. शेवटी म्हणालो, "चला शेठ, तुमची भीती घालवू."

पंच काठावर उभे केले. होडीत शेठ, आमचे हवालदार आणि मी. मी बसताच होडीचं तोंड आभाळाकडे गेलं आणि नदीची पातळी वीतभर चढली. मोटरचा दांडा मी धरला. डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे पळायची. थेट जलपर्णीत घुसलो. पंख्याला वेली गुंडाळल्या, मोटर कण्हायला लागली. मी दांडा पिळून आणखी वेग दिला.

"बास साहेब, जळंल ती!"

"मग काय करू?"

"पंखा उलटा फिरवा, आपोआप सुटती! सरका राव!"

आणि मला, साक्षात पोलीस निरीक्षकाला, कोपराने सारून शेठने न बघताच दांडा उलटा पिळला. पंखा मोकळा. मग होडी अशी अलगद काठाला लावली, की हातात भरलेला कप असता तरी थेंब सांडला नसता.

हवालदार हळूच म्हणाले, "शेठ, भीती गेली वाटतं?"

शेठ जलपर्णीपेक्षा हिरवा पडला. तासाभरात त्याने पंचांसमोर गोदामातली फरशी उचलून दाखवली. खाली सगळा मुद्देमाल. पंचनामा लिहिता लिहिता हवालदारांचं पेन संपलं.

मारझोडीने माणूस खोटंही कबूल करतो. पण हातात बसलेलं काम समोर कोणी बिघडवलं, तर पक्का गुन्हेगारही गप्प बसत नाही, हे मी तेव्हा शिकलो. जलपर्णीत मी मुद्दाम घुसलो होतो, बरं का. हवालदार वेगळं सांगतात; त्यांचं ऐकू नका.

कोर्टातून वॉचमन सुटला. म्हणालो, "आधी घरी जा."

"न्हाई साहेब, दुसरी शिफ्ट धरतो. सगळ्यांनी बघितलं पायजे."

मग काय! जीपमध्ये पुढच्या सीटवर त्याला बसवला, मागे त्याच्या बायकोला, आणि सायरन लावून निघालो. त्या दिवशी कंपनीचं गेट उघडायला मॅनेजर स्वतः धावत आला.